चांदीचं कलिल घरी करताना इलेक्ट्रोड कसे असावेत: तार, पट्टी, वेटोळं की नाणं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांदीचं कलिल म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण पसरलेलं पाणी. डिस्टिल्ड पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या, बॅटरी जोडायची आणि वाट बघायची. कृती एवढीच, पण प्रश्न संपत नाहीत आणि त्यातले निम्मे इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या चांदीच्या तुकड्यांच्या, आकाराभोवतीच घुटमळतात. मी तार, पट्टी, वेटोळं, नाणं, जाळी असं जवळपास सगळं पाण्यात बुडवून पाहिलंय, काही वेळा फजितीही झाली आहे. पुढची उत्तरं त्या अनुभवातून आणि थोड्या आकडेमोडीतून आली आहेत. मी हे सगळं विद्युत अपघटनाचा, म्हणजे विजेने रासायनिक बदल घडवण्याचा, प्रयोग म्हणून करतो, औषध म्हणून नाही. असं का, ते दुसऱ्या प्रश्नात आहे.

आकाराने खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण लोक शोधतात तिथे नाही. पाण्यात किती चांदी उतरणार हे किती विद्युतप्रभार वाहिला यावर ठरतं. एक कूलोम प्रभार (एक अँपिअर करंट एक सेकंद) गेला की प्लसच्या इलेक्ट्रोडवरून जास्तीत जास्त 1.118 मिलिग्रॅम चांदी सुटते. हा आकडा इतका भरवशाचा की एके काळी अँपिअरची व्याख्याच त्यावर बेतलेली होती: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला 0.001118 ग्रॅम चांदी जमा करतो तो एक अँपिअर. 1893 साली शिकागोच्या विद्युत परिषदेत ही व्याख्या ठरली आणि 1948 पर्यंत टिकली.

आपल्या कामापुरतं सोपं रूप असं: एक मिलिअँपिअर करंट तासभर वाहिला तर सुमारे 4 मिलिग्रॅम चांदी. एक लिटर पाणी असेल तर 4 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), अर्धा लिटर असेल तर 8. विद्युत अपघटनाचे नियम मांडणाऱ्या फॅरडेच्या या हिशेबात आकाराला जागाच नाही. तार गोल आहे, चपटी आहे की मोरासारखी वळवली आहे, हे प्रभाराला ठाऊक नसतं.

मग आकार काय ठरवतो? करंटवर मर्यादा घातली नसेल तर सुरुवातीला किती करंट वाहील ते. चांदी इलेक्ट्रोडच्या कुठल्या भागातून सुटेल ते. आणि मायनसच्या बाजूला परत चिकटलेल्या चांदीच्या काळ्या मिशा कुठे फुटतील ते. यातलं शेवटचं सर्वात त्रासाचं.

प्यायचं असेल तर कुठला आकार चांगला?

कुठलाच नाही. चांदीचं पाणी प्यायल्याने कुठलाही रोग बरा होतो याला पुरावा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्येच नियम करून सांगितलं की कलिल चांदीची विनाचिठ्ठी औषधं सुरक्षित किंवा गुणकारी मानता येणार नाहीत. शरीरात गेलेल्या चांदीचा काही भाग त्वचेत साचतो, उजेडाने काळवंडतो आणि कातडी निळसर-राखाडी होते. याला अर्जिरिया म्हणतात. हा रंग सहसा जात नाही. मोंटानाचे राजकारणी स्टॅन जोन्स हे याचं गाजलेलं उदाहरण. 2000 साल उजाडताना संगणक कोलमडतील, अँटिबायोटिक्स मिळणार नाहीत, या भीतीने त्यांनी 1999 पासून घरी केलेलं चांदीचं पाणी प्यायला सुरुवात केली. 2002 मध्ये ते सिनेटची निवडणूक लढवायला उभे राहिले, तेव्हा चर्चा त्यांच्या निळसर चेहऱ्याचीच जास्त झाली.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने चांदीसाठी दिलेली रोजची संदर्भ मात्रा (रोज घेतली तरी धोका नसावा अशी) शरीराच्या दर किलोमागे 0.005 मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला 0.3 मिलिग्रॅम. घरी सहज बनणाऱ्या 20 पीपीएमच्या पाण्यात एवढी चांदी 15 मिलिलिटरमध्येच असते, म्हणजे मोठ्या चमच्याभरात. शिवाय थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स चांदीमुळे नीट शोषली जात नाहीत. जखमेवर, डोळ्यात, नाकात किंवा वाफाऱ्यातही हे वापरू नका. घरच्या बरणीतलं पाणी निर्जंतुक नसतं आणि त्यात नेमकं काय किती आहे हे तुम्हाला मोजता येत नाही.

इथून पुढे प्रयोगाबद्दलच.

तार घ्यावी की पट्टी?

सुरुवात करणाऱ्याला मी तारच सांगतो. पण पट्टीची बाजूही ऐकून घ्या, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज मजेशीर आहे.

लोक म्हणतात, पट्टीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून करंटही त्याच पटीत जास्त. हिशेब करून बघू. 1.6 मिमी जाडीची तार 10 सेंटीमीटर बुडवली तर साधारण 5 चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग मिळतो. तेवढ्याच उंचीची, 2 सेंटीमीटर रुंद पट्टी दोन्ही बाजू धरून 40 चौरस सेंटीमीटर भरते. आठपट. पण दोन इलेक्ट्रोड 25 मिमी अंतरावर ठेवले, तर पट्ट्यांतून तारांच्या साधारण दुप्पटच करंट वाहतो. कारण इथे अडथळा इलेक्ट्रोडचा नसून पाण्याचा असतो. डिस्टिल्ड पाणी म्हणजे जवळजवळ विद्युतरोधकच. पट्टीची मागची बाजू समोरच्या पट्टीकडे पाठ करून उभी असते, तिच्या वाट्याला फार थोडं काम येतं.

पण या उलट्या हिशेबातच पट्टीचा फायदा आहे. क्षेत्रफळ आठपट आणि करंट साधारण दुप्पट, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरमागे करंट चौथाईवर आला. चांदी सावकाश, पसरून सुटते. करंट तेवढाच ठेवणारं सर्किट वापरत असाल तर सरासरी घनता थेट आठव्या हिस्स्यावर येते.

तोटा म्हणजे कडा. आणि पट्ट्या समांतर उभ्या करणं. तार बरणीच्या झाकणाला भोक पाडून सरळ सोडता येते. पट्टी मात्र थोडी फिरली तरी एक कड समोरच्या पट्टीच्या जवळ जाते आणि सगळा करंट तिकडेच धावतो.

पट्टीच्या कडांनाच काळी लव का येते?

पट्टीच्या सपाट भागापेक्षा कडांवर आणि कोपऱ्यांवर विद्युतक्षेत्र दाट असतं. जत्रेत गर्दी दारापाशी दाटते, तसं. प्लसच्या पट्टीवर कडा आधी काळपट होतात, कारण तिथे सिल्व्हर ऑक्साइडचा थर बसतो. मायनसच्या पट्टीवर, पाण्यात सुटलेली थोडी चांदी परत येऊन चिकटते आणि तीही कडांवरच. एकदा बारीकसा कोंब फुटला की त्याचं टोक म्हणजे नवीन कोपराच. तिथे क्षेत्र आणखी दाट, म्हणून तो आणखी वाढतो. बघता बघता काळ्या-करड्या मिशा समोरच्या इलेक्ट्रोडकडे सरकायला लागतात. भिंगातून पाहिलं तर नेच्याच्या पानासारख्या फांद्या दिसतात.

मिशी समोर पोचली तर शॉर्ट सर्किट होतं. त्याआधीच बहुतेक वेळा तुटून तळाशी पडते आणि पाण्यात काळे तुकडे तरंगतात. यावर उपाय सोपे आहेत: पट्टीचे कोपरे कानशीने गोल करा, कडांवरचा कापल्याचा खरखरीतपणा बारीक पॉलिश पेपरने घालवा, करंट कमी ठेवा, पाणी हलतं ठेवा. गोल तारेला बाजूला कडा नसतात, तिचा एकच नाजूक भाग म्हणजे खालचं टोक.

मग टोक अणकुचीदार करावं का? त्यातून बारीक कण सुटतात म्हणे.

नको. हा समज बहुधा वेगळ्याच पद्धतीतून इकडे आला असावा. 1898 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग ब्रेडिग यांनी पाण्याखाली धातूच्या दोन तारांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटवून कलिलं बनवली. तिथे टोकाशी धातूची वाफ होते आणि ती पाण्यात गोठून कण बनतात, म्हणून टोकांना महत्त्व. आपल्या 12 ते 30 व्होल्टच्या मांडणीत ठिणगी नसते. इथे टोकाशी फक्त करंट दाटतो, ऑक्साइड जमतो आणि टोक पेन्सिलीसारखं झिजत जातं. उलट मी तारेचं टोक घासून गोल करतो. आणि ब्रेडिगची पद्धत घरी करायची नाही. त्या ठिणगीला लागणारा करंट पाण्याजवळ ओल्या हाताने हाताळायची गोष्ट नव्हे.

तार किती जाड असावी?

जाडीने करंटमध्ये फारसा फरक पडत नाही, हे ऐकून बरेच जण चकित होतात. 25 मिमी अंतरावरच्या दोन तारांची जाडी 1.6 वरून 3.2 मिमी केली, म्हणजे दुप्पट, तर पाण्याचा रोध जेमतेम 20 टक्क्यांनी उतरतो. चांदी मात्र चौपट लागते. उंचीचं तसं नाही, दुप्पट तार बुडवली की करंट जवळपास दुप्पट. म्हणून पैसे घालायचे तर लांबीत घाला.

फार बारीक तारही नको. अर्ध्या मिलिमीटरची तार वाकते, हलते, आणि तिच्यावर करंटची घनता वाढते. दीड-दोन मिलिमीटरची तार हाताने सरळ करता येते आणि बरणीत ताठ उभी राहते. तार सरळ करायची युक्ती: एक टोक पकडीत धरा, दुसरं ड्रिलमध्ये अडकवून हलकेच ताणत चार-दोन फेरे द्या.

दोन इलेक्ट्रोडमध्ये अंतर किती ठेवायचं?

तारा असतील तर 25 ते 40 मिमीच्या दरम्यान कुठेही ठेवा आणि विसरून जा. 25 चं अंतर 50 केलं तरी रोध 20 टक्केच वाढतो. पट्ट्यांच्या बाबतीत अंतराचा परिणाम जास्त जाणवतो.

तारा फार जवळ आणल्या की वेगळीच भानगड होते. 25 मिमीवर तारेच्या आतल्या बाजूला, म्हणजे समोरच्या तारेकडे तोंड असलेल्या बाजूला, बाहेरच्या बाजूपेक्षा 14 टक्के जास्त करंट असतो. इतकं चालतं. पण तेच अंतर 5 मिमी केलं तर आतली बाजू जवळजवळ दुप्पट काम करते. महिन्याभराने तार हातात घेऊन फिरवली तर एका अंगाने चपटी झालेली लागते. मिशांनाही पलीकडे पोचायला मग किती वेळ लागणार?

वेटोळं केलं तर कमी जागेत जास्त चांदी मावेल ना?

मावेल, पण काम करणार नाही. घट्ट वेटोळं पाण्याला स्प्रिंगसारखं दिसत नाही, एका जाड नळकांड्यासारखं दिसतं. बाहेरचा पृष्ठभाग काम करतो, आतला झाकलेला राहतो. शिवाय मायनसच्या वेटोळ्यात हायड्रोजनचे बुडबुडे अडकून बसतात आणि काळी लव फेऱ्यांच्या फटीत घुसते. ती काढता काढता नाकी नऊ येतात. फेऱ्यांमध्ये तारेच्या जाडीच्या तिप्पट-चौपट जागा सोडली तर निदान ब्रश तरी आत जातो.

वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र चांदीला ‘ऊर्जित’ करतं असाही एक दावा ऐकायला मिळतो. 5 सेंटीमीटरमध्ये 10 फेरे आणि एक मिलिअँपिअर करंट धरला तर क्षेत्र निघतं एक चतुर्थांश मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र 25 ते 65 मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे बरणी टेबलावर थोडी फिरवून ठेवली तरी वेटोळ्यापेक्षा मोठा फरक पडेल.

यू आकारात वाकवलेली तार?

चांगली युक्ती आहे. मला आवडते. पाण्यात टोकच राहत नाही, दोन्ही टोकं पाण्याबाहेर, आणि बरणी उथळ असली तरी पुरेशी लांबी बुडते. वाक गोलसर ठेवा. दोन यू एकमेकांना समांतर उभे करा.

चांदीचं नाणं किंवा बिस्किट वापरलं तर?

आधी शुद्धता बघा. 999 किंवा 9999 चा, म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदीचा, शिक्का हवा. 925 म्हणजे स्टर्लिंग, त्यात बहुधा साडेसात टक्के तांबं असतं आणि ते आनंदाने पाण्यात उतरतं. जुनी चलनी नाणी तर बहुतेक सगळीच मिश्रधातूची.

आकार म्हणून नाणं ठीक आहे, गोल असल्याने कोपरे नाहीत. अडचण ते धरायचं कसं ही आहे. माझी पहिली फजिती याच ठिकाणी झाली. नाणं क्रोकोडाइल क्लिपमध्ये पकडलं आणि क्लिपचे दात पाण्यात गेले. करंट झकास वाहत होता, मी खूश. सकाळी तळाशी तांबूस गाळ. तो गंज होता, चांदीच्या आधी क्लिपचं लोखंड विरघळलं होतं. प्लसच्या बाजूला पाण्याखाली चांदीशिवाय दुसरा कुठलाही धातू जाता कामा नये, डाग दिलेला सांधासुद्धा नाही. नाण्याला वरच्या कडेला बारीक भोक पाडून त्यातून शुद्ध चांदीचीच तार ओवली तर काम होतं. पण तेवढी खटपट करायची तर तारच का नको?

चांदीची जाळी?

जाळीचं क्षेत्रफळ कागदावर भरपूर, पण साफ करणं अशक्यप्राय. एकदा वापरली, पुन्हा नाही.

मध्ये तार आणि भोवती नळकांडं ही रचना कशी?

अभ्यासायला सगळ्यात सुंदर. मधल्या तारेवर चारी बाजूंनी सारखाच करंट येतो, त्यामुळे ती एका अंगाने झिजत नाही. 40 मिमी व्यासाच्या नळकांड्याच्या मध्यावर 1.6 मिमीची तार ठेवली तर 25 मिमी अंतरावरच्या दोन तारांपेक्षा रोध निम्मा होतो.

बाहेरचं नळकांडं मायनसला जोडायचं. त्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे मिशा कमी फुटतात. नळकांडं चांदीच्या पत्र्याचं केलं तर खर्च वाढतो. काही जण स्टेनलेस स्टील वापरतात. करंट चालू असेपर्यंत मायनसचं स्टील सहसा सुरक्षित राहतं, पण जोडणी उलटी झाली की लोह, क्रोम, निकेल सगळं पाण्यात येतं. आणि जोडणी कधी ना कधी उलटी होतेच. मी चांदीचा पातळ पत्रा वळवून वापरला. उभा सांधा सोल्डर केला नाही, नुसती कड कडेवर चढवली.

दोन्ही इलेक्ट्रोड सारखेच असायला हवेत का?

दिशा बदलणारं सर्किट असेल तर हो. दर मिनिटा-दोन मिनिटाला प्लस-मायनस अदलाबदल केली की मिशांना वाढायला वेळ मिळत नाही आणि दोन्ही तारा सारख्या झिजतात. एक तार आणि एक पट्टी असेल तर प्रत्येक पाळीत करंटची घनता वेगळी होते, मग सगळा हिशेब लंगडतो.

दिशा कायम एकच ठेवणार असाल तर मायनसचा इलेक्ट्रोड मोठा ठेवलेला बरा.

करंट किती ठेवायचा? आकाराप्रमाणे बदलतो का?

इथे आकाराला खरा अर्थ येतो. छंदवाल्यांमध्ये चालत आलेला ढोबळ नियम म्हणजे प्लसच्या इलेक्ट्रोडच्या दर चौरस इंचाला एक मिलिअँपिअर. एक चौरस इंच म्हणजे साडेसहा चौरस सेंटीमीटर. आपली 10 सेंटीमीटरची तार त्यात थोडी कमीच बसते, म्हणून तिला पाऊण मिलिअँपिअर पुरे. पट्टीला या नियमाने सहा मिलिअँपिअर चालायला हवेत, पण मागची बाजू आळशी असल्यामुळे मी दोन-तीनच्या वर जात नाही.

मर्यादा न घालता नुसती बॅटरी जोडली तर काय होतं तेही बघा. पाण्याची वाहकता एक मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर धरली, तर वरच्या दोन तारांमध्ये लाखभर ओहम रोध येतो. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीत लावल्या तरी सुरुवातीचा करंट पाव मिलिअँपिअर. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही असं वाटतं. मग पाण्यात आयन (प्रभार असलेले अणू) वाढतात, रोध उतरतो, करंट चढतो, त्याने आयन आणखी वाढतात. तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत बरणीतल्या पाण्यात इलेक्ट्रोडपासून सुटणाऱ्या करड्या गाळाचा धूर दिसायला लागतो. करंट स्थिर ठेवणारं छोटं सर्किट लावलं की आकाराबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. वीज बॅटरीची किंवा चांगल्या विलग (मेन लाइनशी थेट जोड नसलेल्या) अडॅप्टरची घ्या. घरातली मेन लाइन कुठल्याही जुगाडाने पाण्याशी जोडू नका.

आकार बदलून कण लहान करता येतात का?

फारसे नाही. मुळात या पद्धतीने बनतं त्यात बहुतेक चांदी आयनांच्या रूपात असते, कणांच्या नाही. लेसर पॉइंटरचा किरण पाण्यातून सोडा. आयन अदृश्य असतात. किरणाचा मार्ग उजळला तर तेवढेच कण आहेत, त्यालाच टिंडल परिणाम म्हणतात. पाणी फिकट पिवळं झालं तर नॅनो आकाराचे कण तयार झालेत, ते निळ्या-जांभळ्या टोकाचा, 400 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतात.

कणांचा आकार पाणी किती हलतं, करंटची घनता किती आणि चांदी किती दाट झाली यावर जास्त अवलंबून असतो. चांदीचे आयन आणि मायनसपाशी तयार होणारे हायड्रॉक्साइड आयन भेटले की सिल्व्हर ऑक्साइड बनतं आणि त्याची विद्राव्यता फार कमी आहे. पंधरा-वीस पीपीएमच्या पुढे रेटलं की ते बाहेर पडायला लागतं, मग इलेक्ट्रोड कुठलाही असो. आकारावर आठवडा घालवण्यापेक्षा एक छोटा ढवळणारा पंखा जोडा.

दोन आकारांची तुलना प्रामाणिकपणे कशी करायची?

दोन बरण्या ओळीत जोडा. हीच सगळी मेख आहे. पहिल्या बरणीची मायनस दुसरीच्या प्लसला. मग दोन्हींतून तोच करंट, तेवढाच वेळ जातो, म्हणजे प्रभार बरोबर सारखा. घड्याळ नको, अंदाज नको.

मी एका बरणीत तारा आणि दुसरीत पट्ट्या ठेवल्या, एकाच कॅनमधलं डिस्टिल्ड पाणी, एकाच उंचीपर्यंत. मल्टिमीटर लावल्यावर तारांच्या बरणीने व्होल्टेजचा मोठा वाटा खाल्लेला दिसला, हिशेबाप्रमाणेच. दीड तासाने तारेच्या टोकाखाली करड्या धुराची बारीक दोरी सुटली होती, सरळ तळापर्यंत. पट्टीच्या बरणीत धूर नव्हता, पण पट्टीला चारी बाजूंनी लुगड्याच्या काठासारखी काळी किनार आली होती आणि मधला भाग लख्ख होता. प्लसचे दोन्ही इलेक्ट्रोड पुसून, वाळवून मिलिग्रॅमच्या काट्यावर ठेवले, तर घट जवळपास सारखीच.

टीडीएस मीटरवर (पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारं उपकरण) तुलना करू नका. तो वाहकता मोजतो आणि ठरावीक क्षारांच्या हिशेबाने पीपीएम दाखवतो. त्याला कण दिसत नाहीत, चांदी ओळखता येत नाही.

करंट वाढावा म्हणून चिमूटभर मीठ टाकू का?

नाही. क्लोराइड आलं की सिल्व्हर क्लोराइड बनतं, जे लिटरमध्ये जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतं. बाकी सगळा पांढरा गढूळपणा. नळाच्या पाण्यातही हेच होतं, आणि त्याचा दोष लोक इलेक्ट्रोडला देतात.

पाण्याच्या पातळीपाशी तार बारीक होते ती कशामुळे?

तिथे पाणी, हवा आणि चांदी एकत्र येतात आणि त्या रेषेजवळ झीज एकवटते. पातळी रोज तीच असेल तर तिथे कंबर पडते आणि एक दिवस तार तिथूनच तुटते. दर खेपेला तार थोडी वरखाली करा. मी झाकणातली तार दर वेळी दोन-तीन मिलिमीटर सरकवतो.

साफ कसं करायचं?

ओलं असतानाच. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचा स्वच्छ तुकडा घ्या, तारेवरून दोन-तीनदा ओढा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा. तारेला हे दहा सेकंदांत होतं, पट्टीला मिनिटभर, वेटोळ्याला पंधरा मिनिटं आणि वैताग. माझ्या लेखी तारेच्या बाजूचा सर्वात मोठा मुद्दा हाच.

अमोनियाने धुऊ नका. सिल्व्हर ऑक्साइड आणि अमोनिया मिळून ठेवलेलं द्रावण कालांतराने स्फोटक बनू शकतं.

प्रयोगानंतरचं पाणी कुठे ओतायचं?

माशांच्या टाकीजवळही नेऊ नका, जलचरांना चांदीचे आयन अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. बरणीत थोडं मीठ घाला, रात्रभर ठेवा, चांदी क्लोराइडच्या रूपात खाली बसेल. गाळणकागदाने गाळून घ्या आणि गाळ एका काळ्या बाटलीत साठवत जा. घातक कचरा गोळा होतो तिथे ती बाटली द्या. बाटलीवर नाव लिहा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

एक तार किती दिवस पुरते?

1.6 मिमीच्या 10 सेंटीमीटर तारेचं वजन सुमारे 2.1 ग्रॅम. लिटरभर पाणी 20 पीपीएम केलं तर 20 मिलिग्रॅम गेले, म्हणजे शंभरावा हिस्सा. शंभर खेपा मात्र मिळत नाहीत, कारण टोक आणि कंबर आधी हार मानतात. दिशा बदलणारं सर्किट असेल तर झीज दोन्ही तारांत वाटली जाते. तार एक मिलिमीटरच्या खाली आली की मी ती बदलतो. जुने तुकडे एका डबीत टाकतो. पुढे नाण्यात ओवायला किंवा पत्र्याला टांगायला तेच कामी येतात.